अडवलेली विनंती आणि उघडलेले दार : घरगुती संगणकावरील फायरवॉलचे इशारे

घरगुती संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात एखादी चौकट उमटते आणि बाहेरून कोणीतरी आत शिरू पाहत होते व त्याला अडवण्यात आले, असे ती सांगते, तेव्हा त्या सांगण्याचा नेमका अर्थ काय घ्यावा, हा प्रश्न जितका तांत्रिक आहे तितकाच पुराव्याच्या मूल्यमापनाचा आहे. इशारा हे एका यंत्राचे निवेदन असते. ते खरे असू शकते आणि तरीही त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा असू शकतो. या व्याख्यानात ज्या विधानाची मांडणी करावयाची आहे ते असे, की फायरवॉलचे बहुसंख्य इशारे टळलेल्या आणि बहुधा कोणा एकाला उद्देशून नसलेल्या विनंत्यांबद्दल असतात, घराचे खरे नुकसान मात्र बहुतेक वेळा अशा मार्गाने होते ज्याला घरच्याच माणसाने परवानगी दिलेली असते. आणि म्हणून इशारे वाचता येणे हा सुरक्षेचा जोडधंदा नसून तिचाच एक भाग आहे.

वर्धा जिल्ह्यासारख्या ठिकाणी या विषयाला विशेष महत्त्व आहे, कारण येथे घरचा संगणक आणि कामाचा संगणक ही बहुतेकदा एकच वस्तू असते. सेलू किंवा समुद्रपूर तालुक्यातील एखाद्या गावात राहत्या घराच्या ओसरीवर आपले सरकार सेवा केंद्र चालते, तेव्हा ज्या संगणकावर मुले अभ्यास करतात त्याच संगणकावर गावकऱ्यांचे आधार क्रमांक, सातबाऱ्याचे उतारे आणि उत्पन्नाच्या दाखल्यांची कागदपत्रे येऊन पडतात. हिंगणघाटच्या कापूस व्यापाऱ्याचा टॅलीतील हिशेब, सेवाग्रामला वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप आणि वर्ध्यातील निवृत्त शिक्षकाचे निवृत्तिवेतन ज्या बँकखात्यात जमा होते त्या खात्याचा व्यवहार, हे सारे अशाच यंत्रांवर चालते आणि त्यांच्या मागे कोणताही संगणक विभाग उभा नसतो. इशारा आला की तो वाचणारा आणि त्यावर निर्णय घेणारा माणूस घरातलाच असतो.

१. इशाऱ्यामागील यंत्रणा

इंटरनेटवरून जाणारा मजकूर लहान लहान तुकड्यांत विभागला जातो आणि अशा प्रत्येक तुकड्याला पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर ते कोठून निघाले आणि कोठे जायचे आहे याचे आयपी पत्ते लिहिलेले असतात, आणि त्याच्या जोडीला दोन्ही बाजूंचे पोर्ट क्रमांक असतात. पोर्ट म्हणजे एकाच संगणकावर चालणाऱ्या वेगवेगळ्या सेवांना दिलेला ० ते ६५५३५ यांमधील क्रमांक होय. सुरक्षित संकेतस्थळांची देवाणघेवाण ४४३ वर, विंडोजमधील फायलींची आपसांतील वाटणी ४४५ वर आणि टॅलीची इतर प्रणालींशी होणारी जोडणी सामान्यतः ९००० वर चालते. पत्ता जर वाड्याचा मानला, तर पोर्ट ही त्या वाड्याची क्रमांक घातलेली दारे होत, आणि फायरवॉल म्हणजे कोणत्या दारातून कोणाला आत घ्यायचे व कोणाला बाहेर सोडायचे याची यादी हाती घेऊन बसलेला देवडीवाला होय.

ही कल्पना संस्थांच्या गरजेतून जन्माला आली. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या अमेरिकी विद्यार्थ्याने सोडलेला, स्वतःच्या प्रती काढत पसरणारा प्रोग्राम, म्हणजे ज्याला वर्म म्हणतात तो, त्या काळच्या इंटरनेटवरील हजारो यंत्रांत शिरला आणि परस्परविश्वासावर चाललेल्या त्या जाळ्याला पहिला मोठा धक्का बसला. पॅकेटवरील पत्ते व पोर्ट तपासून ती गाळणाऱ्या यंत्रणा त्याच सुमारास तयार होऊ लागल्या होत्या; पुढे संवादाची सुरुवात कोणी केली हे लक्षात ठेवणारी आणि त्यानुसार उत्तरे आत घेणारी पद्धत आली, आणि १९९४ मध्ये विल्यम चेसविक व स्टीव्हन बेलोविन यांच्या ग्रंथाने या विषयाला शास्त्रशुद्ध मांडणी दिली. आजही घरगुती फायरवॉलचा मूळ नियम तोच आहे: आतल्या माणसाने सुरू केलेल्या संवादाचे उत्तर आत येऊ द्यावे आणि बाहेरून आपणहून आलेली विनंती अडवावी.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्याआधीच्या काळात मराठी घरांतील आणि दुकानांतील संगणकांना धोका होता तो फ्लॉपीतून येणाऱ्या व्हायरसचा, आणि त्यावरचा उपायही महाराष्ट्रातच एका दुरुस्तीच्या दुकानातून पुढे आला. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत, पुढे संगणक दुरुस्त करू लागले, आणि दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत तेच ते व्हायरस आढळू लागले तेव्हा त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यांवर प्रोग्राम लिहिला. त्यातूनच क्विक हील हे उत्पादन उभे राहिले आणि २००७ मध्ये कंपनीनेही तेच नाव धारण केले. अशा उत्पादनांनी पुढे फाइल तपासण्याबरोबर जाळ्यावरील हालचालही तपासण्यास आरंभ केला आणि त्यातून घरगुती वापरकर्त्याला आज दिसणाऱ्या घुसखोरीच्या इशाऱ्यांची सवय लागली.

फायरवॉल घराघरांत पोहोचण्यास मात्र एक संकट कारणीभूत झाले. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म १३५ क्रमांकाच्या पोर्टमधून विंडोजच्या संगणकांत शिरू लागला, तेव्हा केवळ टेलिफोनच्या तारेने इंटरनेट जोडणे एवढेच लागण होण्यास पुरेसे होते, आणि एका मिनिटात संगणक बंद होत असल्याची उलटी मोजणी पडद्यावर दिसू लागे. दोष दुरुस्त करणारा पॅच मायक्रोसॉफ्टने त्यापूर्वी जुलै महिन्यातच दिला होता आणि विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉलही होती, पण ती आपोआप सुरू नसे. ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या सर्व्हिस पॅक २ ने ती मुळातच सुरू ठेवण्याची पद्धत पाडली. घरगुती सुरक्षेच्या इतिहासातील तो कदाचित सर्वांत परिणामकारक निर्णय होता. कारण त्याने वापरकर्त्याच्या ज्ञानावर विसंबणे सोडून दिले. तथापि त्यामुळेच वापरकर्त्याला अडवण्याची यंत्रणा आयती मिळाली आणि तिचे निवेदन समजून घेण्याची गरज मात्र त्याच्या लक्षात आली नाही.

२. नोंदीची एक ओळ

निवेदन समजून घ्यायचे तर रंगीत चौकटीपेक्षा तिच्यामागची नोंद वाचणे अधिक उपयुक्त ठरते. विंडोजची फायरवॉल अडवलेल्या पॅकेटांची नोंद ठेवू शकते. ही सोय मुळात बंद असते, ती फायरवॉलच्या प्रगत सेटिंगमधून सुरू करावी लागते, आणि त्यानंतर विंडोजच्या सिस्टम३२ या फोल्डरमधील लॉगफाइल्स व त्यातील फायरवॉल या फोल्डरात पीफायरवॉल नावाच्या फाइलीत एकेका घटनेची एकेक ओळ साठत जाते.

उदाहरणादाखल अशी एक ओळ घेता येईल, जिच्यात दिनांक आणि वेळेनंतर क्रमाने ‘ड्रॉप, टीसीपी, २०३.०.११३.४५, १९८.५१.१००.२०, ५१३२२, ४४५, ५२, एस’ अशी पदे आहेत. यांतील दोन्ही पत्ते लेखनातील उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या संचांतील आहेत, त्यामुळे ते कोणाचेही नाहीत. ‘ड्रॉप’ म्हणजे पॅकेट उत्तर न देता टाकून दिले. ‘टीसीपी’ ही संवादाची पद्धत. पहिला पत्ता पाठवणाऱ्याचा आणि दुसरा या संगणकाचा. ५१३२२ हा पाठवणाऱ्याच्या बाजूचा तात्पुरता पोर्ट आणि ४४५ हा मागितलेला पोर्ट. ५२ ही बाइटांतील लांबी. आणि शेवटचा ‘एस’ सांगतो की हे संवाद सुरू करण्याचे केवळ पहिले पॅकेट होते. टीसीपीचा संवाद तीन टप्प्यांनी जुळतो: एक बाजू विनंती करते, दुसरी होकार देते आणि पहिली त्या होकाराची पोच देते. येथे दुसरा टप्पा घडलाच नाही. म्हणजे कोणी तरी फायलींच्या वाटणीची सेवा मिळते का, असे विचारले आणि त्याला उत्तर मिळाले नाही. संवाद नाही, तेव्हा शिरकावही नाही.

हीच ओळ थोडी बदलली की अर्थ पूर्णपणे बदलतो. पाठवणाऱ्याच्या बाजूचा पोर्ट ४४३ असेल, मागितलेला पोर्ट पन्नास हजारांच्या घरातला असेल आणि शेवटी ‘एस’ऐवजी पोच किंवा समाप्तीची खूण असेल, तर ते बहुधा एखाद्या संकेतस्थळाचे उशिरा पोहोचलेले उत्तर असते: ब्राउझरने पान बंद केले, फायरवॉलने तो संवाद संपल्याचे मानले आणि मागून आलेले पॅकेट तिला अनोळखी वाटले. इंटरनेटचा वेग कमी-जास्त होणाऱ्या जोडणीवर अशा नोंदी अधिक दिसतात. दिशा, पोर्ट आणि खूण या तीन गोष्टी एकत्र वाचल्याखेरीज पत्ता एकटा काहीही सिद्ध करीत नाही.

पत्त्यावरून माणूस शोधण्याची उत्सुकता स्वाभाविक असली तरी तिच्या मर्यादा ओळखणे आवश्यक आहे. आशिया-प्रशांत भागातील पत्त्यांची नोंदवही ब्रिस्बेन येथील एपनिक ही संस्था ठेवते आणि भारतात ते काम आयआरआयएनएन पाहते. ‘हूइज’ या सोयीने कोणता संच कोणत्या कंपनीकडे आहे हे कोणालाही कळू शकते. पण त्यातून कळते ते सेवा पुरवणाऱ्याचे नाव, आणि ज्याच्या यंत्रातून विनंती आली तो बहुतेकदा स्वतःच बाधित झालेला, आपल्या यंत्रात काय चालले आहे याची गंधवार्ताही नसलेला दुसरा घरमालक असतो. शिवाय संवाद जुळलेला नसताना पाठवणाऱ्याचा पत्ता खोटाही लिहिता येतो.

३. विनंत्या येतात कोठून

जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते सुमारे ४२९ कोटी आहेत, आणि ही संख्या यंत्राच्या दृष्टीने लहान आहे. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचे साधन प्रसिद्ध केले, ज्याने वेगवान जोडणी असलेला एकच संगणक या संपूर्ण पत्तासंचातील एका पोर्टची चाचपणी ४५ मिनिटांच्या आत पूर्ण करू शकतो. २००९ पासून चालू असलेले शोडान हे शोधयंत्र अशाच चाचपणीतून जगभरातील उघड्या सेवांची सूची तयार करते. ज्या काळात सारे इंटरनेट एका दुपारी अनेकदा धुंडाळता येते, त्या काळात आर्वीच्या किंवा देवळीच्या एखाद्या घराच्या पत्त्यावर विनंती येणे ही त्या घराची निवड झाल्याची खूण मानता येत नाही.

चाचपणी करणाऱ्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला संशोधकांचा आणि सूचीकारांचा; दुसरा पसरत राहणाऱ्या वर्मचा; आणि तिसरा उघड्या सेवा शोधून पुढे त्यांचा गैरवापर करणाऱ्यांचा. दुसऱ्या वर्गातील वर्म निर्मात्याने सोडून दिले तरी वर्षानुवर्षे फिरत राहतात. जानेवारी २००३ मधील स्लॅमर हा वर्म केवळ ३७६ बाइटांचा होता, पण त्याने गाठता येण्याजोग्या बहुतेक यंत्रांपर्यंत दहा मिनिटांत मजल मारली. २०१६ मधील मिराईने संगणक सोडून घरगुती कॅमेरे आणि राउटर धरले आणि २३ क्रमांकाच्या पोर्टवर कारखान्यातून आलेले, कोणीही न बदललेले पासवर्ड वापरून पाहिले. या घटनेचा घरगुती वापरकर्त्यासाठी अर्थ असा, की अंगणातल्या कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड बदलणे हे संगणकावरील शंभर इशारे वाचण्यापेक्षा अधिक मोलाचे काम ठरू शकते.

याखेरीज एक निरुपद्रवी कारण विदर्भातल्या परिस्थितीशी जवळून जोडलेले आहे. अनेक घरगुती जोडण्यांचा सार्वजनिक पत्ता कायमचा नसतो; वळवाच्या पावसात वीज गेली आणि परत आली, राउटर पुन्हा सुरू झाला, की त्याला कालपर्यंत दुसऱ्याकडे असलेला पत्ता मिळू शकतो. त्या आधीच्या ग्राहकाने फायलींची देवाणघेवाण करणारे एखादे सॉफ्टवेअर चालवले असेल, तर जगभरातील त्याचे भागीदार त्याच पत्त्यावर काही काळ विचारणा करीत राहतात आणि नव्या घराच्या फायरवॉलला तो हल्ल्यांचा मारा भासतो.

४. खोट्या इशाऱ्यांचे गणित

घुसखोरी यंत्राने ओळखावी ही कल्पना जेम्स अँडरसन यांच्या १९८० च्या अहवालात आणि डोरोथी डेनिंग यांच्या १९८७ च्या सैद्धांतिक मांडणीत रुजली. तिच्यातील सर्वांत अवघड अडचण १९९९ मध्ये स्वीडनमधील स्टेफान अ‍ॅक्सेलसन यांनी दाखवून दिली, आणि ती अडचण संगणकाची नसून संभाव्यतेच्या गणिताची आहे. समजा, एका घरच्या संगणकावर दिवसभरात १०,००० जोडण्या घडतात आणि त्यांपैकी खरोखर घातक अशा २ आहेत. इशारा देणारे सॉफ्टवेअर इतके चांगले आहे की घातक जोडणी ते जवळजवळ नेहमीच पकडते आणि निर्दोष जोडणीवर शंभरात एकदाच चुकते. तरीही ९,९९८ निर्दोष जोडण्यांवर सुमारे १०० खोटे इशारे येतील, खरे इशारे २ येतील, आणि पडद्यावर दिसणाऱ्या १०२ इशाऱ्यांपैकी कोणताही एक इशारा खरा असण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी राहील.

सॉफ्टवेअर शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर असते आणि त्याचा इशारा शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा चुकीचा असतो, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, हे या गणिताचे सार आहे. मूळ प्रमाण जेथे अत्यल्प असते, तेथे चाचणीची अचूकता एकटी विश्वास ठेवण्यास पुरेशी नसते. रोगनिदानाच्या चाचण्यांबाबत वैद्यकशास्त्र हेच शिकवते. या गणिताचा मानसिक परिणाम गणिताइतकाच महत्त्वाचा आहे. शंभर खोट्या इशाऱ्यांनंतर माणूस एकतर प्रत्येक चौकट न वाचता बंद करू लागतो, किंवा कायम धास्तावलेला राहतो. पहिल्या अवस्थेत खरा इशारा हातातून निसटतो आणि दुसऱ्या अवस्थेत, पुढे दिसेल त्याप्रमाणे, तो माणूस भीती विकणाऱ्यांच्या हाती लागतो.

५. दखल घेण्याजोगे इशारे

इशाऱ्यांची वर्गवारी करण्यासाठी पहिला प्रश्न दिशेचा विचारावा लागतो. बहुतेक घरांत संगणक थेट इंटरनेटला जोडलेला नसतो. मध्ये राउटर असतो, तो घरातील यंत्रांना १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते देतो आणि बाहेरच्या जगाला एकच पत्ता दाखवतो. मोबाइल जोडणीवर आणि अनेक फायबर जोडण्यांवर तर सेवा पुरवणारी कंपनीच शेकडो ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे ठेवते. अशा रचनेत बाहेरून आपणहून आलेली विनंती संगणकापर्यंत सहसा पोहोचतच नाही. म्हणून राउटरमागच्या संगणकावर बाहेरच्या पत्त्यावरून सतत विनंत्या दिसत असतील, तर राउटरमधील एखादा पोर्ट मुद्दाम आत वळवलेला आहे काय, किंवा नव्या आयपीव्ही६ पद्धतीचा, प्रत्येक यंत्राला स्वतंत्र जागतिक पत्ता देणारा मार्ग खुला असून राउटरची त्यावरील फायरवॉल बंद आहे काय, हे तपासणे योग्य ठरते. येथे इशाऱ्यातील हल्लेखोरापेक्षा इशारा उमटलाच कसा, हा प्रश्न अधिक फलदायी असतो.

घरातूनच आलेल्या विनंतीचे दोन अर्थ संभवतात. १९२.१६८.१.१ या पत्त्यावरून पोर्टांची चाचपणी झाल्याचा इशारा आला, तर तो पत्ता बहुधा स्वतःच्याच राउटरचा असतो आणि घरातील यंत्रांची ओळख पटवण्याचे त्याचे नेहमीचे काम सॉफ्टवेअरला संशयास्पद वाटलेले असते. टीव्ही आणि प्रिंटर हेही १९०० क्रमांकाच्या पोर्टवरून एकमेकांना हाका मारीत असतात. परंतु घरातील दुसरा लॅपटॉप ४४५ क्रमांकावर एकामागून एक प्रत्येक पत्ता चाचपडत असेल, तर ते दुखणे गंभीर आहे. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर वर्मची चाल अशीच होती. त्याने वापरलेल्या दोषावरचा पॅच १४ मार्च रोजीच उपलब्ध झाला होता, पण ज्यांनी तो घेतला नव्हता त्यांच्या एका बाधित यंत्राने शेजारची यंत्रे धरली. अशा वेळी त्या लॅपटॉपची जोडणी तोडून तो तपासणे हे पहिले कर्तव्य होय.

तिसरा प्रकार परवानगी मागणाऱ्या चौकटीचा आहे. एखादा प्रोग्राम बाहेरच्या विनंत्या ऐकण्यासाठी पोर्ट उघडू पाहतो तेव्हा विंडोज विचारते की त्याला खासगी जाळ्यावर परवानगी द्यावी, सार्वजनिक जाळ्यावर द्यावी, की मुळीच देऊ नये. सेवा केंद्राच्या संगणकावर बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राची आधारशी जोडलेली सेवा ११,१०० ते ११,१२० या पोर्टांमध्ये ऐकत असते, पण ती त्याच संगणकापुरती, म्हणजे १२७.०.०.१ या स्वतःच्याच पत्त्यावर. तिला बाहेरच्या जाळ्यावर खुले करण्याचे काहीही कारण नसते. व्यापाऱ्याच्या दुकानातील दोन संगणकांनी एकच टॅली वापरायची असेल, तर खासगी जाळ्यापुरती परवानगी पुरते. विद्यार्थ्याने वसतिगृहाच्या किंवा रेल्वे स्थानकाच्या वाय-फायला जोडताना ते जाळे सार्वजनिक म्हणून नोंदवले, तर फायरवॉल आपोआप कडक होते. चौकटीत कोणत्या प्रोग्रामचे नाव आहे, तो आता आपणच सुरू केला काय, आणि त्याला बाहेरच्यांचे ऐकण्याची गरज काय, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज परवानगीचे बटण दाबणे उचित नाही.

चौथा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रकार बाहेर जाणाऱ्या जोडण्यांचा. विंडोजची फायरवॉल मूळ रचनेत आतून बाहेर जाणाऱ्या जोडण्या अडवीत नाही, त्यामुळे संगणकात शिरलेला घातक प्रोग्राम आपल्या मालकाला निरोप धाडतो तेव्हा ती बहुधा गप्प असते. काही स्वतंत्र उत्पादने अशा वेळी विचारणा करतात, आणि अनोळखी नावाचा प्रोग्राम मध्यरात्री बाहेर बोलू पाहत असल्याचा एक इशारा आत येऊ पाहणाऱ्या शंभर विनंत्यांच्या इशाऱ्यांहून अधिक वजनाचा मानावा लागतो. पहिल्यात एखादी गोष्ट घडून गेल्याची शक्यता असते. दुसऱ्यांत काहीतरी घडू दिले गेले नाही एवढेच नमूद असते.

६. परवानगीने आलेले संकट

महाराष्ट्रात घडलेल्या दोन मोठ्या घटना या दृष्टीने पाहण्याजोग्या आहेत. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या घातक प्रोग्रामने मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज ठप्प केले. त्या प्रोग्रामचा उगम युक्रेनमधील एका लेखा-सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणात होता, म्हणजे ज्या मार्गाला सर्वांनी विश्वासाने वाट दिली होती त्याच मार्गाने तो आला आणि मग आतल्या जाळ्यावर पसरत बंदरापर्यंत पोहोचला. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेव्हा एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेची जागाच बनावट यंत्रणेने घेतल्यामुळे अनेक देशांतील एटीएमना प्रत्येक व्यवहार मंजूर असल्याचे दिसत होते. दोन्ही ठिकाणी बाहेरच्या भिंतीवर धडका मारण्याची पाळी अखेरच्या टप्प्यात आली नाही.

घरगुती पातळीवर हीच गोष्ट फोनवरून घडते. एखादे संकेतस्थळ उघडले असता ब्राउझर अचानक पूर्ण पडदा व्यापतो, फायरवॉल भेदली गेल्याचा लाल मजकूर दिसतो, कर्कश आवाज सुरू होतो आणि खाली मदतीचा फोन क्रमांक दिलेला असतो. ही फायरवॉलची सूचना नसते, ते एक साधे वेबपान असते, आणि ते ओळखण्याची खूण सोपी आहे: मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन क्रमांक कधीही दिलेला नसतो. ज्याने तो क्रमांक फिरवला त्याला पलीकडचा माणूस संगणकाचे इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावतो, ज्यात कोणत्याही धडधाकट संगणकावर लाल खुणांच्या किरकोळ चुका शेकड्यांनी असतात. किंवा नेटस्टॅट ही आज्ञा द्यायला लावून पडद्यावर उमटलेले परदेशी पत्ते हल्लेखोरांचे असल्याचे सांगतो, जरी ते त्या क्षणी उघडलेल्या संकेतस्थळांचेच असले तरी. मग तो एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर यांसारखे, दूरच्या माणसाला संगणक हाताळू देणारे एरवी प्रामाणिक सॉफ्टवेअर घ्यायला लावतो. जोडणी आतून बाहेर सुरू होते, घरमालकच होकार देतो, आणि फायरवॉल नियमाप्रमाणे ती जाऊ देते.

या फसवणुकीचा पाया भीती असतो, आणि ती भीती आयात करण्याची गरज भासत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा तेथून अमेरिकेतील नागरिकांना करखात्याचे अधिकारी म्हणून धमकावले जात असल्याचे उघड झाले. जी कला परदेशी माणसावर चालली ती आज मराठी बोलत वर्ध्यातल्या घरातही चालते. इव्हेंट व्ह्यूअरमधील नोंद किंवा नेटस्टॅटची ओळ ज्याला वाचता येते, त्याच्यावर हा प्रयोग पहिल्याच पायरीवर फसतो. इशाऱ्यांचे अज्ञान हीच येथे शिरकावाची फट असते आणि तिच्यावर कोणत्याही कंपनीचा पॅच मिळत नाही.

७. वाचनाची जबाबदारी

शासनाने या क्षेत्रात काही संस्था उभ्या केल्या आहेत. जानेवारी २००४ पासून कार्यरत असलेली सर्ट-इन ही संगणकीय आणीबाणीच्या प्रसंगी प्रतिसाद देणारी राष्ट्रीय संस्था आहे, आणि २०१७ मध्ये सुरू झालेले सायबर स्वच्छता केंद्र बाधित संगणक स्वच्छ करण्याची साधने विनामूल्य देते. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करणे हे इतर सर्व उपायांहून अधिक तातडीचे असते, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकण्यापूर्वी रोखता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. अडवलेल्या विनंतीची तक्रार मात्र यांपैकी कोणाकडेही नेण्याचे प्रयोजन नाही. ती नोंदून ठेवावी, संगणक व राउटर अद्ययावत आहेत याची खात्री करावी आणि पुढे जावे.

तथापि या संस्था घरातील चौकट वाचून देऊ शकत नाहीत, आणि येथे वर्ध्याच्याच एका वैचारिक वारशाचा संदर्भ प्रस्तुत ठरतो. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून आणि त्यानंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या आराखड्यातून नई तालीम आकाराला आली, आणि तिचा केंद्रवर्ती आग्रह असा होता की हातातल्या उद्योगाच्या द्वारे शिक्षण घडावे, साधनाचे यांत्रिक चलनवलन न राहता त्याच्यामागचे ‘का’ आणि ‘कसे’ विद्यार्थ्याला उमगावे. तकलीवर सूत काढणाऱ्या मुलाने कापसाचा भूगोल आणि सुताचा हिशेब शिकावा, ही अपेक्षा ज्या भूमीत मांडली गेली, तेथे दिवसाचे कित्येक तास संगणकावर काम करणाऱ्या माणसाने त्याच्या नोंदीची एक ओळ वाचायला शिकावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

हे शिक्षण दीर्घ असण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांनी लक्षावधी माणसांना टंकलेखन आणि तक्ते शिकवले; त्याच धर्तीवर सेवाग्रामच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी तालुक्याच्या वाचनालयांत बसून सेवा केंद्र चालवणाऱ्यांबरोबर त्यांच्याच संगणकावरील एका आठवड्याची नोंद वाचली, तर दोन्ही बाजूंचे शिक्षण घडेल. विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकातील तीन टप्प्यांचा संवाद खऱ्या नोंदीत भेटेल, आणि केंद्रचालकाला कळेल की त्याच्या आठवड्याभराच्या शेकडो ओळींपैकी बहुतेक कोणालाही उद्देशून नव्हत्या, दोनचार राउटरच्या होत्या, आणि एखादी मात्र खरोखर विचार करण्याजोगी होती. हा निवाडा करण्याची क्षमता विकत मिळणाऱ्या कोणत्याही उत्पादनात बसवलेली नसते, कारण कोणता प्रोग्राम आपण सुरू केला आणि कोणता नाही, कोणाचा फोन अपेक्षित होता आणि कोणाचा नाही, ही माहिती फक्त त्या घरातल्या माणसाकडे असते. फायरवॉल नियम पाळते आणि घडले ते नमूद करते. नियम कोठे शिथिल करायचा आणि नमूद झालेल्याला किती महत्त्व द्यायचे, हे दोन निर्णय घरमालकाकडेच राहतात, आणि ते त्याला भीतीविना घेता यावेत एवढेच या विषयाच्या अभ्यासाचे उद्दिष्ट आहे.